वाचक विचारतात: कुत्र्याची शू अडतेय, लाल होतेय, गळतेय

मागच्या वेळी पावसाळ्यातल्या खाजेबद्दल लिहिलं होतं, तर म्हटलं आता खाजेचीच पत्रं येतील, पण आली ती जवळजवळ सगळी लघवीची. मुरुडपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्यांची कुत्री एकाच महिन्यात बिघडल्यासारखी! त्यातली काही निवडलीत. सुरुवातीलाच एक सांगते, 'युरीन इन्फेक्शन झालंय' हे वाक्य निम्म्या पत्रांत आहे, पण लघवी तपासल्याचा रिपोर्ट फक्त एकाच पत्रासोबत आलाय. इन्फेक्शन झालंय हे मग ठरवलं कुणी?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. आमची लॅब्राडोर चिंगी सहा वर्षांची, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालंय. वर्षभरात चौथ्यांदा तोच त्रास. दर दहा मिनिटांनी दार खरवडते, बाहेर नेली की बसते, दोन थेंब करते, उठते, परत बसते आणि मग चाटत राहते. दर वेळी पाच दिवस गोळ्या, तिसऱ्या दिवशी एकदम टुणटुणीत, मग महिन्या-दीड महिन्यात परत सुरू. सासूबाईंनी धने-जिऱ्याचं पाणी आणि कोकमाचं आगळ चालू केलंय. आता जास्त पॉवरची गोळी लिहून मिळालीय, देऊ का?
— एक वाचक, मालवण

उत्तर: ताई, पॉवर वाढवायच्या आधी एक प्रश्न, या चार वेळांत एकदा तरी चिंगीच्या लघवीचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून ते कुठले आहेत हे बघायची तपासणी, झालंय का? पत्रात तसं काही दिसत नाही म्हणून विचारते. फिमेलची लघवीची नळी आखूड आणि रुंद असते, बाहेर शीच्या वाटेचे जंतू, त्यात मुख्य ई. कोलाय, ते वर चढायला फार वेळ लागत नाही. त्यामुळे एखाद्या वेळी इन्फेक्शन होणं यात विशेष काही नाही आणि त्याला साध्या अमॉक्सिसिलिनसारख्या औषधाचा ३ ते ५ दिवसांचा कोर्स पुरतो. पूर्वी दोन-दोन आठवडे द्यायचे, आता तसं नाही. पण सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की ते 'एखाद्या वेळी' राहत नाही, जगभरातले पशुवैद्य ज्या २०१९ च्या गाईडलाइन्स वापरतात त्यात ही व्याख्याच दिलेली आहे, आणि तिथून पुढे गोळी बदलत बसण्याऐवजी जंतू परत परत का येतायत ते शोधायचं असतं. तिसऱ्या दिवशी बरं वाटतं कारण सूज उतरते, मूळ तसंच बसलेलं असतं.

तर पहिलं काम सॅम्पल. साध्या तपासणीसाठी घरी धरता येतं. स्वयंपाकघरातला जुना लांब दांड्याचा डाव घ्या, उकळत्या पाण्यातून काढा, कोरडा होऊ द्या, आणि सकाळची पहिली शू करायला ती बसली की मागून हळूच खाली सरकवा, पहिली धार जाऊ द्या, मधली धरा. भांडं समोरून नेलंत तर ती उठून चालायला लागेल, हे प्रत्येक लॅब्राडोरवाल्याला माहीत आहे! अर्ध्या तासात लॅबला पोचत असेल तर उत्तम, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको, आणि एसटीने कुडाळ-कणकवलीला पाठवायचं असेल तर मासळीच्या बर्फाचा डबा चालेल, फक्त सॅम्पलची बाटली घट्ट बंद आणि वेगळ्या पिशवीत हवी. फ्रीजमध्ये राहिलेल्या लघवीत नंतर क्रिस्टल तयार होतात, त्यामुळे रिपोर्टमध्ये 'क्रिस्टल्स' दिसले म्हणून मुतखडा झाला असं लगेच धरू नका.

माणसांच्या लॅबमध्ये देत असाल तर कुत्र्याची लघवी आहे हे स्पष्ट सांगा. पट्टी बुडवून जी टेस्ट करतात त्यातला पांढऱ्या पेशींचा चौकोन कुत्र्यांत भरवशाचा नाही, घनतेचा चौकोन पण नाही. पू-पेशी आणि जंतू मायक्रोस्कोपखालीच बघावे लागतात आणि घनता रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्रावर.

कल्चरला मात्र डावातलं सॅम्पल नको. त्यात बाहेरच्या केसांवरचे जंतू येतात आणि रिपोर्ट भलताच लागतो. डॉक्टर पोटातून बारीक सुई घालून थेट लघवीच्या पिशवीतून लघवी काढतात. ऐकून अंगावर काटा येतो मान्य आहे, पण सोनोग्राफी लावून केलं तर काही सेकंदांचं काम असतं आणि बरीचशी कुत्री इंजेक्शनला जेवढी कुरकुरतात तेवढीही कुरकुरत नाहीत. फक्त पिशवी भरलेली हवी, म्हणजे गाडीतून उतरल्या उतरल्या तिला झाडाखाली नेऊ नका. हे सगळं नवी गोळी सुरू व्हायच्या आधी. गोळी आधीच चालू केली असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, ते दिवस ठरवून देतील. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात आणि त्यात कुठलं औषध लागू पडतं, कुठलं नाही, ती यादीच येते, मग 'जास्त पॉवर' म्हणजे काय हा अंदाजाचा खेळ उरत नाही.

दुसरं, एक्सरे आणि सोनोग्राफी. फिमेलमध्ये काही जंतू लघवीतला युरिया फोडतात, लघवी अल्कली होते आणि स्ट्रुव्हाइट नावाचे खडे बनतात. खड्याच्या थरांत जंतू लपून बसतात, गोळी चालू असेपर्यंत गप्प, गोळी संपली की परत बाहेर. तुमच्या वर्णनात मला हीच शंका जास्त येतेय. चांगली गोष्ट अशी की स्ट्रुव्हाइट बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय विरघळतो. त्याचं खास डॉक्टरी खाद्य मिळतं, ते आणि योग्य अँटिबायोटिक एकत्र काही आठवडे, कधी दोन-तीन महिने, आणि मधेमधे एक्सरे. अट एकच, त्या काळात दुसरं काहीही द्यायचं नाही, म्हणजे बांगड्याचं डोकं पण नाही, आजोबांनी टेबलाखालून दिलेलं सुद्धा नाही. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा असेल तर तो कुठल्याही खाद्याने विरघळत नाही, तो काढावाच लागतो.

तिसरं तुम्ही आज घरीच बघू शकता. चिंगी जाड आहे का? जाड फिमेलमध्ये शूच्या जागेवर कातडीची घडी पडते, ती उचलून आत बघा, ओल, लाली, वास असेल तर तिथेच जंतूंचं घर आहे, वजन उतरवणं हाच त्यावरचा मोठा उपाय. शिवाय रक्तातली साखर बघून घ्या, डायबिटीस किंवा कुशिंग्स नावाचा हार्मोनचा आजार असला तरी इन्फेक्शन परत परत होतं.

सासूबाईंचं धने-जिऱ्याचं पाणी बिनमिठाचं असेल तर द्या, पाणी पोटात जातंय हाच त्याचा फायदा. आगळ बंद करा, त्यात मीठ भरपूर असतं. एकाने क्रॅनबेरीच्या गोळ्यांबद्दल विचारलंय, कुत्र्यांत त्याचा फायदा होतो असा ठाम पुरावा नाही, पैसे कल्चरवर घाला. आणि सगळं झाल्यावर कधी रिपोर्टमध्ये जंतू दिसले पण चिंगीला कसलाच त्रास नसेल तर घाबरून परत कोर्स लावू नका, लक्षणं नसतील तर नुसत्या जंतूंना सहसा औषध देत नाहीत.

प्रश्न: आमचा पॉमेरियन आठ वर्षांचा. काल संध्याकाळपासून पाय वर करून उभा राहतो, जोर लावतो, पण एखादा थेंबच येतो. सकाळी उलटी झाली. शेजारी म्हणतात बद्धकोष्ठ आहे, एरंडेल द्या. काय करू?
— एक वाचक, गुहागर

उत्तर: दादा, तुमचा मेसेज आला तेव्हाच ऑफिसमधून तुम्हाला फोन गेला होता, तुम्ही त्याच दुपारी त्याला चिपळूणला नेलंत, अडकलेला खडा निघाला आणि आता तो बरा आहे, म्हणून इथे शांतपणे लिहिता येतंय. बाकीच्यांनी मात्र हे नीट वाचा. नर कुत्रा जोर लावतोय आणि लघवी येत नाही, तर अंकातला सल्ला शोधायचा नाही, गाडी काढायची. रात्र असली तरी.

नराच्या लिंगात एक हाड असतं. त्या हाडाला खालून खाच असते आणि लघवीची नळी त्या खाचेतून जाते, तिथे ती फुलू शकत नाही, त्यामुळे पिशवीतून निघालेला छोटा खडा बरोबर हाडाच्या मागे येऊन बसतो. लघवी मागे तुंबते, किडनी बंद पडायला लागते, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. पूर्ण अडलं असेल तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो, उलटी सुरू झाली म्हणजे वेळ कमी उरलाय. थेंब येतोय म्हणजे रस्ता मोकळा आहे असं पण नाही, तुंबलेल्या पिशवीतून थेंब गळतच असतात.

एरंडेल नाही. पोट दाबून शू काढायचा प्रयत्न नाही, पिशवी फुटू शकते. आणि आपल्याकडे हमखास देतात ते शहाळ्याचं पाणी अजिबात नाही, त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि इथे नेमकं तेच आधीच जास्त झालेलं असतं. भूल देऊन डॉक्टर नळीतून सलाइनचा जोर देऊन खडा परत पिशवीत ढकलतात आणि मग पिशवी उघडून सगळे खडे एकदाच काढतात. आधी सलाइन लावून रक्त ताळ्यावर आणावं लागतं, त्यामुळे 'लगेच ऑपरेशन का करत नाहीत' म्हणून भांडू नका.

खडा काढला की तो मागून घ्या. कोरड्या डबीत ठेवा, कशात बुडवून ठेवायचा नाही, आणि कशाचा आहे याची तपासणी करून घ्या, कारण पुढचं खाणंपिणं त्यावर ठरतं. छोट्या जातीच्या नरांत ऑक्झलेट जास्त दिसतो, डाल्मेशियनमध्ये युरेट, आणि युरेट साध्या एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही, सोनोग्राफीत दिसतो. 'एक्सरे क्लिअर आहे' एवढ्यावर थांबू नका ते यासाठी.

अजून एक, खच्ची न केलेला वयस्क नर असेल, शू होतेय पण रक्ताचे थेंब येतायत आणि शी करताना पण जोर लावतोय, तर प्रोस्टेट बघून घ्या. साधी वाढलेली प्रोस्टेट खच्चीकरणानंतर आपोआप आकसते.

प्रश्न: आमचा गावठी मोती दिवसभर बाहेर फिरतो. दोन दिवस जेवत नाही आणि लघवी काळ्या चहासारखी. मेडिकलवाल्याने युरीन इन्फेक्शनच्या गोळ्या दिल्यात. अंगावर गोचिड्या खूप आहेत, पावसात कितीही काढल्या तरी परत येतात.
— एक वाचक, लांजा

उत्तर: लघवी काळ्या चहासारखी, जेवण बंद आणि अंगावर गोचिड्या, हे तीन एकत्र आले की माझ्या डोक्यात इन्फेक्शन पहिलं येत नाही, गोचिडताप येतो. बॅबेसिया नावाचे परजीवी गोचिडीतून रक्तात जातात, लाल पेशी फोडतात, आणि फुटलेल्या पेशींचा रंग लघवीतून बाहेर येतो. पिशवी ठणठणीत असते, आजार रक्तात असतो, लघवीच्या गोळ्या त्याला काय करणार? मोतीचा वरचा ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी आहे, पांढरी पडलीय, की पिवळी झाक आहे? पांढरी किंवा पिवळी असेल तर आजच रक्त तपासा, काचपट्टीवर आणि शक्य असेल तर पीसीआर, म्हणजे रक्तातल्या परजीवीचा डीएनए शोधणारी तपासणी.

घरी करायची एक साधी खूण आहे. लघवी काचेच्या ग्लासात धरून तासभर न हलवता ठेवा. खाली लाल गाळ बसला आणि वरचं पाणी पिवळं झालं तर लघवीत रक्त मिसळतंय, म्हणजे पिशवी, किडनी, खडा या बाजूला शोधा. तासाभराने पण सगळं तसंच लाल-तपकिरी राहिलं तर पेशी फुटतायत ही शंका. लॅबवाले हेच मशीनमध्ये फिरवून बघतात, तुमचा ग्लास त्याची जागा घेत नाही, पण फोनवर सांगताना उपयोग होतो. आपल्याकडे घाटी म्हणजे चिरा आणि अंगण म्हणजे लाल माती, त्यावर लाल शू कुणाला दिसणार, आणि पावसात तर काहीच नाही. संशय आला की पांढऱ्या लादीवर नाहीतर पांढऱ्या फडक्यावर करायला लावा.

कांदा पण हेच करतो बरं का. उरलेलं कांद्या-खोबऱ्याचं वाटण भातात कालवून घालायची पद्धत घरोघरी आहे, कांद्याने कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात, शिजवलेल्याने पण.

आणि शू न करता सुद्धा थेंब थेंब रक्त गळत असेल तर त्या जागेची कातडी मागे करून बघा, आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी लाल, चटकन रक्त येणारी गाठ दिसली तर ती टीव्हीटी, कुत्र्यांमधला एक प्रकारचा कॅन्सर. मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांत मेटिंगमधून पसरते, आपल्याकडे भरपूर दिसते, आणि 'लघवीतून रक्त' म्हणून महिनोन् महिने अँटिबायोटिक खाऊन झालेली कुत्री शेवटी दवाखान्यात येतात. कॅन्सर म्हटलं की लोक हात टेकतात, पण हा बहुतेक वेळा व्हिन्क्रिस्टिनच्या दर आठवड्याच्या इंजेक्शनांनी पूर्ण बरा होतो.

प्रश्न: ऑपरेशन झालेली डॉबरमन, पाच वर्षांची. झोपून उठली की गादी ओली. जागेपणी एकदम नॉर्मल. ओरडून उपयोग नाही, काय करावं?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर: ओरडू नका, तिला माहीतच नसतं. ऑपरेशननंतर इस्ट्रोजेन कमी होतं, नळीचं तोंड आवळून धरणारा स्नायू सैल पडतो आणि झोपेत शू गळते, मोठ्या जातींमध्ये जास्त, ऑपरेशननंतर काही वर्षांनी सुद्धा. आधी लघवी तपासून इन्फेक्शन नाही ना बघा, कारण दोन्ही एकत्र असू शकतात. मग फेनिलप्रोपॅनोलामिन किंवा इस्ट्रिऑल, डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि बीपी बघून. बहुतेकींना छान गुण येतो. पाणी मात्र तोडू नका.

प्रश्न: आमचे दोन कुत्रे लावणीच्या दिवसांत आमच्यासोबत शेतात असतात. शेजारच्या वाडीत एकाला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) झाला. कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होतो म्हणतात, कुत्रे बांधून ठेवू का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर: सिंधुदुर्गात लेप्टो म्हणजे काय हे सांगायला नको, पावसाळा आला की आरोग्य केंद्रातून शेतकऱ्यांना गोळ्या मिळतात तोच हा. मूळ जंतू मुख्यतः उंदरांच्या लघवीत, तिथून खाचरातल्या आणि वहाळाच्या साचलेल्या पाण्यात, तिथून भेगा पडलेल्या पायातून तुमच्यात आणि कुत्र्यात. म्हणजे कुत्रा आणि तुम्ही एकाच चिखलात उभे आहात, त्याला एकट्याला दोष देऊन उपयोग नाही. पण कुत्र्याला झाला तर त्याच्या लघवीतून जंतू बाहेर पडतात हे खरं, आणि कधी कधी तो दिसायला बरा असतो तेव्हाही.

कुत्र्यात ताप, अंग दुखल्यासारखं आखडून चालणं, उलट्या, जेवण बंद, मग एकदम खूप शू किंवा एकदम बंद, डोळ्यांत पिवळेपणा, असं दिसलं तर लेप्टो धरूनच न्या आणि दवाखान्यात शिरतानाच 'शेतात जातो, लेप्टो असेल' असं सांगा, म्हणजे तिथली माणसं हातमोजे घालतील. रक्त आणि लघवी दोन्हीची तपासणी लागते, औषध सुरू व्हायच्या आधी सॅम्पल घेतलेलं बरं, पण रिपोर्टसाठी उपचार थांबवत नाहीत. लवकर सुरू झालं तर सलाइन आणि अँटिबायोटिकने पुष्कळ कुत्री वाचतात, नंतर दोन आठवडे डॉक्सिसायक्लिन देतात ते किडनीत उरलेले जंतू संपवण्यासाठी, कुत्रा उड्या मारायला लागला म्हणून ते मधेच सोडायचं नाही.

बांधून ठेवायची गरज नाही, लस द्या. पहिल्यांदा दोन डोस, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, मग दर वर्षी, आणि ती मे महिन्यात पूर्ण झालेली हवी, लावणी सुरू झाल्यावर नाही. लसीत सगळे प्रकार येत नाहीत, तरी घ्यायचीच. आजारी कुत्र्याची शू हातमोजे घालून पुसा, ब्लीचिंगचं पाणी टाका, पाइपच्या जोराने उडवू नका. घरात कुणाला ताप आला तर माणसांच्या डॉक्टरांना कुत्र्याबद्दल आठवणीने सांगा.

प्रश्न: आठ वर्षांची स्पिट्झ, पिल्लं कधीच झाली नाहीत, ऑपरेशन पण नाही. सध्या बादली बादली पाणी पिते आणि रात्री घरात शू. इन्फेक्शन असेल का?
— एक वाचक, दापोली

उत्तर: माज येऊन महिना-दोन महिने झालेत का? तसं असेल तर ती सुस्त आहे का, मागून पू किंवा घाण वासाचं पाणी येतंय का, पोट फुगलंय का हे बघा, कारण हा गर्भाशयात पू भरण्याचा आजार असू शकतो, पायोमेट्रा. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. सोनोग्राफीत कळतो, गर्भाशय काढावं लागतं, थांबू नका. हे वाचताय त्याच दिवशी न्या.

तो नसेल तर चोवीस तासांचं पाणी मोजा, बाटलीने मोजून भांड्यात ओता आणि उरलेलं वजा करा. किलोला १०० मिलीच्या वर जात असेल तर खरंच जास्त आहे. मग किडनी, साखर, कुशिंग्स या तपासण्या, आणि लघवीची घनता. पाणी कमी करून शू थांबवायला जाऊ नका, किडनी कमजोर असेल तर एका रात्रीत महागात पडेल.

प्रश्न: रोजचं भात आणि सुकी मासळी, याने मुतखडा होतो का?
— एक वाचक, देवगड

उत्तर: भाताने नाही. ताजी मासळी काटे काढून, बिनमिठाची उकडून द्या, आणि ज्या पाण्यात उकडली तेच भातावर ओता, कुत्रं आवडीने पितं आणि लघवी पातळ राहते. खारवलेली सुकी मासळी, सोडे, सुकट रोज नको, मीठ खूप होतं. उन्हाळ्यात पाण्याची भांडी दोन-तीन ठेवा, एक पडवीत, एक मागे विहिरीजवळ. पूर्वी खडा निघालेला कुत्रा असेल तर मात्र घरचं जेवण डॉक्टरांना दाखवूनच ठरवा. आणि ज्यांनी अंगदुखीची आयबुप्रोफेन कुत्र्याला शू करताना दुखतंय म्हणून दिलीय असं लिहिलंय, त्यांनी ती आत्ताच थांबवा आणि किती दिल्या ते डॉक्टरांना सांगा. माणसांची डायक्लोफिनॅक पण तशीच, पोटात जखमा होतात आणि किडनी बसते.